लिहिणारीनं बोलायचं नाही

कुसुम,

रविवारी तुझ्या घरी गेले होते. तू नाहीस हे माहीत असूनही गेले. रविवारी येते असं तुला सांगून ठेवलं होतं, आणि तू खाटेवरून म्हणाली होतीस, "कागद घेऊन येजो वं सुधे. नुसतं तोंड घेऊन नको येऊ." तर कागद घेऊन गेले. तिथं काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायचं आहे. तुला आता मधे बोलता येणार नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तुझ्याकडे माणसं येतात आणि तुझ्याबद्दल बोलतात. किती कष्टाळू, किती मनमिळाऊ, आईला किती जपायची. सगळं खरं आहे, पण ऐकताना वाटतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं आहे. तू काय करायचीस ते कुणालाच सांगता येत नाही. तुझ्या मावशीनं मला विचारलं, "ते रेडिओ दुरुस्त करे न वं?" मी हो म्हणून मोकळी झाले. काय सांगणार? इतवारीत पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर बसून ही बाई कोळशाच्या खाणीसाठी यंत्र बनवायची, जमिनीखाली वायू साचला की घंटी वाजवणारं. त्या यंत्राच्या पोटात नखाएवढी चिप असते आणि चिपमध्ये काय लिहायचं ते ही ठरवायची. मावशीला हे सांगितलं असतं, तर तिनं माझ्याच कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

मी रामटेकची, भाताच्या बांधांवर वाढलेली, आणि मला कशाचंही चटकन कौतुक वाटत नाही. "सुधीले ताजमहाल दाखवला तर म्हणन, बरोबर पुसला नाही वाटते," असं तू सगळ्यांना सांगत फिरायचीस. म्हणून हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतं आहे. मी थक्क झाले होते, कुसुम. त्या दुपारी झाले होते आणि अजूनही आहे. तुला हे तोंडावर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू ते महिनाभर इतवारीभर वाजवत फिरली असतीस.

आपली ती माडी आठवते आहे. खाली दिवसभर भांड्यांवर ठोके, बाहेर हातगाड्यांची आणि टेम्पोंची बाचाबाची, आणि वर आपण दोघी, कूलरच्या घरघरीत एकमेकींशी ओरडून बोलणाऱ्या. दुकान शेटजींच्या वडिलांचं, वरचा कारखाना शेटजींचा. त्यांना यंत्रातलं थोडं कळायचं आणि माणसांतलं बरंच. तुझी ओळख करून देताना मात्र त्यांची एक ठरलेली कॅसेट होती. "ये कोष्ट्याची, मागावरच्या घरची मुलगी आहे न, म्हणून तो इतना बारीक काम करते." खरेदीला आलेल्या प्रत्येकाला ती ऐकावी लागायची. एकदा तू वैतागून म्हणालीस, "शेटजी, माझी बहीणबी त्याच घरची आहे. तिले घड्याळाले चावी देता येत नाही." पुन्हा ती कॅसेट वाजली नाही.

आणि तुझा तो नियम. एकीनं प्रोग्राम लिहायचा आणि दुसरीनं तो मोठ्यानं वाचायचा. नुसता वाचायचा नाही, एकेक ओळ स्वतःच्या शब्दांत समजावून सांगायची, जशी काही समोरचीला ती ठाऊकच नाही. जिनं लिहिलं तिनं समोर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. "अगं, तसं नाही ते," एवढं जरी बोलावं लागलं, तरी कागद परत. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हटलं, हा काय पोरखेळ? तू म्हणालीस, "खाणीत काही मी त्याच्यासोबत नाही जात वं. तिथं त्याले एकट्यालेच बोला लागते. मंग इथं मी काहून बोलू?"

तुझ्यासारख्या बडबडीनं हा नियम करावा, याचं मला हसू यायचं. रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत तुझी जीभ टाळूला लागत नसे. रिक्षावाल्याच्या पोरांची नावं तुला पाठ. वाचन सुरू झालं की मात्र तू पेन्सिल दातांत आडवी धरायचीस, तोंड बंद राहावं म्हणून. तुझी एक पेन्सिल धड नसायची. सगळ्यांवर दातांचे खड्डे.

खाणीत तू जात नव्हतीस, हे तर खरंच होतं. तुलाच काय, मलाही जाता येत नाही. बायकांना खाली उतरवत नाहीत. आपलं यंत्र जिथं लागतं ती जागा आपण दोघींनी कधी पाहिली नाही. पाहिलं ते फक्त खाणीचं तोंड. एकदा यंत्रं द्यायला गेलो होतो, पाळी बदलायची वेळ होती. डोक्यावर दिवे बांधलेली माणसं खाली नेणाऱ्या पाळण्यात दाटीवाटीनं उभी राहिली. त्यातल्या एका पिकल्या मिश्यांच्या माणसानं आपल्या खोक्याकडं बोट करून तुला विचारलं, "बाई, हे वेळेवर बोलन ना?" तू म्हणालीस, "हाव." पाळणा खाली गेला. दोर बराच वेळ सुटत होता, आणि तू तो थांबेपर्यंत पाहत राहिलीस. परतीच्या बसमध्ये तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, गाडी लागली असेल.

मग ते चुकीच्या खाचेचं झालं. हे मी थोडं समजावून लिहिते. तुझ्यासाठी नाही, हे कुणी दुसऱ्यानं वाचलं तर त्याच्यासाठी. वायू ओळखणारं कार्ड यंत्रातल्या एका खाचेत बसतं. त्या कार्डावरच्या प्रोग्रामला, म्हणजे आपल्या बोलण्यात ड्रायव्हरला, स्वतःच्या आतल्या सगळ्या जागा आकड्यांनी ठाऊक असतात. त्यांना आपण पत्ते म्हणायचो. वायूचं माप या पत्त्यावर, घंटी वाजवायचं काम त्या पत्त्यावर. पण यंत्रात खाचा अनेक, आणि प्रत्येक खाचेचे पत्ते वेगळे. एका खाचेसाठी लिहिलेलं कार्ड शेजारच्या खाचेत गेलं की त्याला ठाऊक असलेले सगळे पत्ते खोटे ठरतात. खाणीवर कुणीतरी यंत्र पुसायला उघडलं आणि कार्ड शेजारच्या खाचेत परत बसवलं. नशीब, की यंत्र वरच होतं आणि चाचणी चालली होती. दिवा लागलेला, काटा हललेला, आणि घंटीचा आवाज नाही.

शेटजी म्हणाले, लाल खाचेला लाल कार्ड, हिरव्याला हिरवं, रंग लगाके देऊ, बात खतम. तू म्हणालीस, "अंधारात लाल अन हिरवं सारखंच दिसते, शेटजी." आणि मग जे म्हणालीस ते ऐकून मी पेनाचं टोपण लावलं आणि तुझ्याकडं बघत राहिले. तू म्हणालीस, कार्ड कोणत्याही खाचेत चाललं पाहिजे. जागं झाल्यावर त्यानं आधी शोधून काढायचं की आपण कुठे आहोत, आणि मग चालता-चालताच आपले सगळे पत्ते बदलून घ्यायचे.

मी सांगितलं, नाही होणार. आपल्या त्या प्रोसेसरला, यंत्राच्या मेंदूला, "मी कुठे आहे" असं विचारायची सोयच नाही. तशी आज्ञाच त्याच्यात नाही. पुस्तक उघडून तुझ्यापुढं ठेवलं. तू पुस्तक मिटलंस आणि कोथिंबिरीची सांबारवडी खायला खाली गेलीस.

पुढं काही दिवसांनी तू कडेला भोकं असलेल्या कागदाची लांब पट्टी माझ्या टेबलावर टाकलीस. "पॅच आहे," तू म्हणालीस, आणि लगेच, "तसा हा शब्द मले पटत नाही वं. पॅच म्हणजे ठिगळ. रफू म्हण. रफू कुठं केला ते दिसलं नाही पाहिजे." दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलरच्या वाळ्याचा वास येत होता. तू समोर बसलीस आणि पेन्सिल दातांत घातलीस. मी वाचू लागले.

पहिल्याच पानावर मी एक ओळ पुन्हा वाचली.

प्रोसेसर हातातलं काम सोडून दुसऱ्या कामाला जातो, तेव्हा जाण्याआधी परत कुठे यायचं त्याची चिठ्ठी लिहून ठेवतो. काम झालं की चिठ्ठी पाहून परत येतो. हे आपण रोज पाहत होतो, पुस्तकात पहिल्या धड्यात असतं. तू काय केलंस? तू त्याला काहीही कारण नसताना बाहेर पाठवलंस. कार्डावर नव्हे, यंत्राच्या मुख्य चिपमध्ये एका पक्क्या जागी नुसतं "परत जा" असं लिहिलेलं होतं, तिथं. तो गेला आणि तसाच परत आला. आल्यावर ती टाकून दिलेली चिठ्ठी तू उचलून वाचलीस. तिच्यावर त्याचाच पत्ता होता.

बाप्पा! विचारायची सोय नाही, असं मी पुस्तक दाखवून सांगितलं होतं. आणि इथं एक निर्जीव कार्ड डोळे उघडून, घराबाहेर पाऊल टाकून परत येत होतं, फक्त आपलं घर कुठे आहे ते कळावं म्हणून. मी रामटेकच्या गडावरून पहिल्यांदा खालचा सगळा मुलूख पाहिला होता तेव्हा जशी पुढची पायरी विसरले होते, तशी इथं पुढची ओळ विसरले. तू डोळे बारीक करून माझ्याकडं पाहत होतीस. तुला कळलं होतं. मी मात्र चेहरा कोरा ठेवला आणि पुढं वाचलं.

पण नियम तुझा होता. प्रत्येक ओळ समजावून सांगायची, आणि प्रत्येक ओळीवर थांबून विचारायचं: इथे घंटी वाजली तर? म्हणजे नेमकी या ओळीवर वायूची हाक आली तर काय होईल? मी सांगत होते, "चिठ्ठी टाकून दिली आहे, पण खोडलेली नाही. वर दुसरी चिठ्ठी पडेपर्यंत अक्षरं तशीच राहतात. तर अक्षरं अजून तशीच आहेत..." आणि मी थांबले. तशीच आहेत हे कशावरून? परत आल्यानंतर आणि चिठ्ठी उचलण्याआधी एक बारीकशी फट होती. त्या फटीत वायूची हाक आली तर प्रोसेसर सगळं टाकून तिकडं धावणार, आणि धावण्याआधी स्वतःची चिठ्ठी लिहिणार, त्याच जागेवर. परत येऊन मग तू उचलशील ती चिठ्ठी भलतीच. कार्ड आपलं घर चुकणार, आणि तेही नेमकं वायू असताना.

मी हे मोठ्यानं बोलले. पेन्सिल तुझ्या दातांतून खाली पडली.

चूक पकडली गेली की माणसाचं तोंड कसं होतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे. माझंही तसंच होतं. तू इतक्या मोठ्यानं हसलीस की खालचे ठोके थांबले. "अगं माय! सापडलं वं, सापडलं! हे मले दिसलंच नव्हतं!" तू उठून माझे दोन्ही खांदे धरून हलवलेस, जिन्यावरून वाकून खाली ओरडलीस, आणि सगळ्यांसाठी सांबारवडी मागवलीस. शेटजी वर आले आणि म्हणाले, "काय पास झालं?" तू म्हणालीस, "नापास झालं शेटजी, खा!" त्या चिठ्ठीच्या युक्तीनं मी जेवढी थक्क झाले होते, त्याहून जास्त तुझ्या त्या हसण्यानं झाले. कुणीतरी आपल्याला चुकीचं ठरवावं आणि आपण त्याला वडी खाऊ घालावी, हे मला या जन्मी जमायचं नाही.

वडी संपली आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, सोपं आहे. तेवढ्या फटीपुरतं प्रोसेसरचे कान बंद करू. आत येणाऱ्या हाका क्षणभर दाराबाहेर थांबवायची आज्ञा आहेच. तू म्हणालीस, वायूची तार मी त्या दारावर लावलीच नाही. जे दार कधीच लागत नाही त्यावर लावली आहे. मी चिडले. "काहून लावली? तार बदल."

"नाही बदलत."

"हाक हरवत नाही वं कुसुमे. बाहेर उभी राहते. दार उघडलं की आत येते. पापणी लवते त्याच्याहून कमी वेळ."

"आज तू पापणीएवढं दार लावशीन. उद्या तिसरं कोणी येईन अन म्हणन, दार लागतेच आहे तर तेवढ्यात झाडूनबी घेऊ. मंग दार लागलेलंच राहीन अन खाली माणूस उभा." मग आवाज उतरवून तू म्हणालीस, "मी त्याले हाव म्हटलं होतं."

तेव्हा मला कळलं की बसमध्ये तुला गाडी लागली नव्हती.

तरी मी सोडलं नाही. मग मुख्य चिपच बदलू, तिच्यातच कार्डाला पत्ता सांगायची सोय घालू, म्हटलं. तू म्हणालीस, त्यासाठी खालची सगळी यंत्रं वर आणावी लागतील, तोवर खाली काय? मी म्हटलं, तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, मी आहेच. आपण दोघी तणतणत निघालो, वेगवेगळ्या रिक्षांनी. अजूनही सांगते, कुसुम, पापणीएवढं दार लावलं असतं तर त्या कार्डाचं काही बिघडलं नसतं. हिशेबानं माझं बरोबर होतं. पण ते तिसरं माणूस कोण असेल आणि त्या दाराआड काय करत बसेल, याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं आणि आताही नाही. एवढं कबूल करते. तुझं बरोबर होतं असं काही मी म्हणणार नाही.

त्यानंतर तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून तू रजा घेतलीस, उसाचा रस पिते, आठ दिवसांत येते, म्हणालीस. मी भेटायला आले तेव्हा तू पुढच्या खोलीत मागाशेजारच्या खाटेवर होतीस, आणि आई खाली बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "टाकलेली चिठ्ठी काहून वाचायची वं? टाकायच्या आधीच वाचू न."

एवढंच. मी खाटेच्या कडेवर बसले. तू पडल्या-पडल्या सांगत गेलीस. यंत्रात थोडी जागा अशी असते की जिचा पत्ता खाच बदलली तरी बदलत नाही. कार्डानं जागं झाल्यावर तिथं आधी एक छोटासा निरोप्या लिहून ठेवायचा. त्यासाठी स्वतःचा पत्ता ठाऊक असावा लागत नाही. मग त्या निरोप्याला हाक मारायची. तो परत पाठवण्याआधीच चिठ्ठी उचलून हातात धरणार. मधे कितीही हाका येऊ देत, हातातल्या चिठ्ठीवर कुणाला लिहिता येत नाही. आणि पत्ते बदलताना जुन्यावर नवे खरडायचे नाहीत. सगळे नवे पत्ते बाजूला तयार करायचे, आणि पूर्ण झाले की एकाच आज्ञेनं यंत्राला नव्यांकडं वळवायचं. तोवर हाक आलीच तर मुख्य चिपची साधी घंटी वाजू द्यायची. वाजली म्हणजे झालं.

दार लावायचं नव्हतं, तार बदलायची नव्हती, खालची यंत्रं वर आणायची नव्हती. मी पुष्कळ शोधलं, पण मला भांडायला जागाच सापडेना. "कागदावर आण, मग बोलते," एवढंच म्हणाले. तू उशीखालून कागद काढलास. पेन्सिलनं लिहिलेला, ओळी खाली उतरत गेलेल्या. आता वाचू का, विचारलं. तू डोळे मिटलेस. "आज मले गप्प बसाची ताकद नाही वं," म्हणालीस. "रविवारी वाच." कागद मी सोबत नेला, आणि कागद घेऊन येजो म्हणालीस ते तेव्हाच.

रविवारच्या आधीच तू गेलीस. शेटजी स्मशानातून परतताना माझ्याजवळ आले, डोळे पुसत होते. थोडं चालल्यावर हळूच म्हणाले, "सुधाताई, कसं विचारू समजत नाही. खाणवाले पूछ रहे हैं." मला राग आला नाही. ते चुकीच्या खाचेत जाणारं जुनंच कार्ड रोज खाली उतरत होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण वाचन झाल्याशिवाय, आणि सही केल्याशिवाय, चिप भरायची नाही, हाही तुझाच नियम. लिहिणारी समोर नसेल तर वाचन करायचं कसं, हे आपण कधी ठरवलं नव्हतं.

तर रविवार. घरातली पुरुषमंडळी अस्थी घेऊन रामटेकला, अंबाळ्याच्या तळ्यावर गेली होती. घरी आई एकटी. माग कापडानं झाकलेला. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. आईनं माझ्या हातातला कागद पाहिला.

"तिचं काम आहे का वं हे?"

"हाव आई. वाचायचं राहिलं होतं."

आईनं खाट आडवी केली, चादर घातली आणि बाजूला भिंतीला टेकून बसली. "वाच," म्हणाली.

मी तुझ्या खाटेसमोर बसले आणि वाचू लागले. मोठ्यानं, स्वतःच्या शब्दांत, ओळीमागून ओळ. निरोप्या कुठे ठेवला ते सांगितलं. त्याला हाक मारली ते सांगितलं. इथे घंटी वाजली तर? चिठ्ठी हातात आहे, चालेल. पुढची ओळ. इथे घंटी वाजली तर? अजून जुनेच पत्ते आहेत, साधी घंटी वाजेल, चालेल. तुझं अक्षर खाली-खाली उतरत गेलं होतं, काही आकडे मला उजेडात धरून पाहावे लागले. एका जागी मी अडखळले. एक आकडा पत्ता आहे की वायूचं माप, ते मला कळेना. पत्ता असेल तर बदलायला हवा, माप असेल तर बदलता कामा नये. सवयीनं मी मान वर करून तुझ्याकडं पाहिलं. समोर चादर होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाचत आले, आणि तिथं पोचेपर्यंत ते आपोआप कळलं. माप होतं. तू ते बदलायच्या यादीत घातलंच नव्हतंस. विचारायची गरज पडू नये अशा जागी तू ते ठेवलं होतंस.

शेवटची ओळ आली. एका आज्ञेनं सगळं नव्याकडं वळलं. फट कुठेच नव्हती. मी शोधली, अगदी तुझी खोड मोडायची म्हणून शोधली. तापानं फणफणलेली, पिवळ्या डोळ्यांची तू, हे पडल्या-पडल्या कसं लिहिलंस गं? मी रडत होते, आणि रडताना मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त एवढंच की हे किती सुंदर आहे.

आईनं चादरीची सुरकुती हातानं सारखी केली. मग म्हणाली, "ते मले सांगे, वाचताना मी बोलली का नापास." चादरीकडं पाहून तिनं विचारलं, "बोलली का वं ते?"

"नाही आई," मी म्हणाले. "एकदाही नाही."

"मंग?"

मी कागदाच्या खाली सही केली.

बुधवारी चिप भरून झाली. मी कार्ड मुद्दाम चुकीच्या खाचेत घातलं, शेटजींना जिन्यावर उभं केलं, आणि नळीतून थोडा वायू सोडला. घंटी अशी खणखणली की खालचे ठोके थांबले. शेटजी ओरडून काहीतरी विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. तुझी एक चावलेली पेन्सिल टेबलावर पडली होती.

"बोललं वं," मी तुला सांगितलं.